कुदळवाडीकडे भंगार गोदामाशेजारी प्लॉट आहे, मेथी-पालक लावू का?

लगेच नको लावू, आधी माती तपासून घे. आणि साधी एनपीकेवाली (नत्र-स्फुरद-पालाश मोजणारी) टेस्ट करून काही उपयोग नाही, त्यात शिसं दिसतच नाही, लॅबला स्पष्ट सांग की शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तांबं आयसीपी किंवा एएएसवर (धातू मोजायच्या यंत्रांवर) काढून द्या. नमुना वरच्या चार-सहा इंचांतलाच घे, कारण शिसं फारसं खाली झिरपत नाही, वरच बसून राहतं, आणि ते कुजतबिजत नाही, गोदाम हललं तरी शिसं तिथंच.

येतं कुठून? जुन्या बॅटऱ्या फोडतात त्यातनं, आणि तांब्यासाठी केबल जाळतात त्या काळ्या राखेतनं. अशी राख जमिनीत दिसली तर नमुना तिथला वेगळा घे, सगळं एकत्र कालवू नको.

रिपोर्ट वाचताना एक बघ, आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरायचं नाही. शिसं मात्र जास्त आलं तर मामला गंभीर. अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) २०२४ मध्ये राहत्या जागेच्या मातीतल्या शिशासाठी तपासणीची पातळी ४०० पीपीएमवरून (म्हणजे किलोभर मातीत ४०० मिलिग्रॅम) २०० वर आणली, तेवढा अंदाज धर.

कॅडमियम पालेभाजीत पटकन चढतं, शिसं जास्त करून धुळीतून पोटात जातं, म्हणून लहान पोरांना तिथं मातीत खेळू देऊ नको. रिपोर्ट येईपर्यंत बाहेरची चांगली माती आणून ग्रो बॅगमध्ये लाव की, आणि भाजी खळखळून धू.