मोर्चा काढा, पण आधी तारीख बघा

प्रश्न : आमच्या गल्लीला लागून नाल्याकडेची मोकळी जागा विकास आराखड्यात मैदानासाठी राखीव आहे. ते आरक्षण उठवून जागा रहिवासात घ्यायची नोटीस पेपरात आलीय. माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो. तो म्हणतो, तिकडं असा बदल आधी नागरिकांच्या मंडळापुढं जातो. आपल्याकडं तसं काही आहे का? तालमीतली पोरं मोर्चा काढायचं म्हणतायत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, मोर्चा जरूर काढा, पण तो पेपर रद्दीत गेला नाही ना, ते आधी बघा. मंजूर आराखड्यातला असा बदल 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली होतो आणि नोटिशीच्या तारखेपासून हरकतीला महिनाभरच मिळतो. कायद्याच्या भाषेत हा 'किरकोळ फेरबदल'. पोरांचं मैदान जाणं किरकोळ कसं, ते मला विचारू नका.

मुलगा सांगतो ते खरंय. न्यूयॉर्कात अशी 59 मंडळं आहेत, एकेकात 50 पर्यंत बिनपगारी सभासद. प्रस्ताव आला की 60 दिवसांत ती मत कळवतात. पण तो सल्लाच. वरच्यांनी मानलाच पाहिजे असं नाही.

आपल्याकडं 74 व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या आल्या, त्यात भरणा नगरसेवकांचा. सबंध आराखडा नव्यानं होतो तेव्हा हरकती ऐकायला नियोजन समिती बसते : स्थायी समितीतले तिघं आणि बाहेरचे चारपर्यंत जाणकार. जाणकार म्हणजे नगररचना, पर्यावरण यांतले. तुमच्या गल्लीचे नव्हेत. तुमचं प्रकरण तर त्यांच्याकडं जाणारच नाही. म्हणजे मंडळ म्हणा, समिती म्हणा, ती तुम्हीच.

मी नगररचनेत आरेखक होतो. आयुष्य ट्रेसिंग कागदावर गेलं, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या गल्लीसाठी हरकत दिली ती शेजारच्या मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर घालून! सुनावणीत दोन मिनिटांत बाहेर. बायको अजून ऐकवते.

त्याच दिवशी बाहेर बाकावर बसून पुढचं ऐकत होतो. एका तरुण मंडळानं 'आमचा तीव्र विरोध आहे' असे दोनेकशे छापील अर्ज आणले होते, सगळे एकाच झेरॉक्सचे. कारकुनानं सुतळीनं बांधले, एकच हरकत धरली. मग एक कुंभारीण मावशी आल्या. हातात मोबाईलवर काढून घेतलेला एकच फोटो : घराची भिंत, त्यावर गेरूच्या दोन रेघा, 2019 ची आणि 2021 ची, आणि शेजारी ताठ उभा केलेला नातू. एक रेघ त्याच्या खांद्याला, दुसरी कानाला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पाणी कुठनं येतं, मावशी?" मावशींनी नकाशावर बोट फिरवलं. "नदी 43 फुटांवर गेली की हा नाला उलटा फिरतोय. हितं बांधलासा तर त्यानं जायचं कुठं?" अहवालात त्यांच्या हरकतीला वेगळा परिच्छेद मिळाला. नाल्याकडेची पट्टी सगळी वाचली नाही, पण अर्धी मोकळी राहिली.

तेव्हा पोरांना झेरॉक्स काढायला पाठवू नका, टेप घेऊन मैदानावर पाठवा. संध्याकाळी किती जण खेळतात ते आठवडाभर वहीत मांडू दे. अर्ज एकाच पानाचा, पण नंबर बरोबर : सिटी सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, नोटिशीची तारीख. भाग नकाशाची, म्हणजे आराखड्यातल्या आपल्या भागाच्या नकाशाची, प्रत जोडा, तिच्यावर निळी पूररेषा (सरकारनं आखलेली पुराची हद्द) आणि पाणी कुठवर आलं होतं ते पेन्सिलीनं दाखवा. शेवटची मंजुरी राज्य शासनाची असते. मुंबईत फाईल उघडणाऱ्यानं तुमचा नाला कधी बघितलेला नसतो, त्याला कागदावरच तो दिसला पाहिजे.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का तारखेसकट मारून घ्या. जेवणाच्या सुट्टीच्या आधी गेलात तर बरं.