तलावाकाठची चराई आणि हळदी-कुंकू बदकाची घरटी

प्रश्न: पाझर तलावाकाठच्या माळावर जूनपासून गुरं-शेळ्या सोडतो, गवत टिकत नाही आणि हळदी-कुंकू बदकाची अंडी तुडवली जातात. दुकानदार म्हणतो एकरी गोणीभर युरिया फेका, गवत दणकून येईल. फेकू का?

उत्तर: नका फेकू. हा युरियाचा सल्ला मी कितीतरी माळांवर निस्तरलाय, दाणे न विरघळता गुरं आत गेली की विषबाधा, आणि एक जोराचा पाऊस आला की उरलेला सगळा तलावात. काठावरच्या तणाला ग्लायफोसेट मारा असंही सांगतील, तेही नको, कारण बदक त्याच गवताच्या झुबक्यात बसतं. माळाला औषध लागत नाही दादा, माळाला सुट्टी लागते.

तुमची खरी चूक वेळेची आहे. पहिल्या पावसाचं कोवळं पोपटी गवत दिसलं की आपण गुरं सोडतो, तेव्हा ते मुळातल्या साठ्यावर फुटत असतं, तिथेच खुडलं की वर्षभर खुरटं राहतं. नका सोडू तेव्हा.

आता बदकाचा हिशोब बघा. मादी रोज एक अशी आठ-दहा अंडी घालते, मग साधारण 24 दिवस उबवते, म्हणजे सरळ पाच आठवडे झाले. व्हिडिओ बघून पंधरा दिवसांची फेरपालट करणारे भेटतात, पण घरटं अर्ध्यावर असताना त्याच तुकड्यात पुन्हा गुरं गेली की सगळं संपलं. तिकडे अमेरिकेत डाकोटाच्या गवताळ माळावर बदकं एप्रिल-मेमध्येच बसायला लागतात, तेही मागच्या वर्षीच्या वाळक्या गवतात, म्हणून तिथे आधीच्या हंगामात गवत राखावं लागतं. आपल्याकडे आडोसा पावसाबरोबर उगवतो, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

माझं ऐकाल तर माळाचे चार भाग करा आणि पाण्यालगतचा एक भाग पहिल्या पावसापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पूर्ण बंद ठेवा. बी पडू द्या, मग कापा किंवा चारा, पण वीतभर बुडखा राहिलाच पाहिजे. दरवर्षी पाण्याला लागून असलेला दुसरा पट्टा राखा. म्हशींना पाण्यावर जायला एकच वाट ठेवा, आणि राखणीचा कुत्रा बांधा, अंडी तो आधी शोधतो. घरटं दिसलं तर जवळ जाऊ नका, मादी उठली की कावळा टपलेलाच असतो. अंडी उचलणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पोरांना सांगून ठेवा.

जनावरं जास्त असतील तर बांधावर वैरण लावा, बियाण्याच्या योजनेचं पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा, सातबारा आणि आधार घेऊन जा.

आणि परत सांगतो, युरियाची गोणी माळावर फोडू नका.