लॅपटॉप दुरुस्तीला सर्टिफिकेट असलेलाच टेक्निशियन शोधावा का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत शिकणाऱ्या तुमच्या मुलीचा लॅपटॉप बंद पडलाय, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी. एका दुकानात "मदरबोर्ड गेला, 9 हजार" असं सांगितलं. फसायला नको म्हणून आता सर्टिफिकेटवाला माणूस शोधावा का, असा तुमचा प्रश्न आहे. विश्रामबागला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे धंद्यातलं आतलं सांगतो.

सर्टिफिकेटला किंमत आहेच. आयटीआयला हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा ट्रेड केलेल्या पोराच्या हाताला मल्टिमीटरची, म्हणजे वीज मोजायच्या यंत्राची, सवय असते. कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस या सर्टिफिकेटला दोन पेपर असतात आणि ग्राहकाशी कसं वागावं, त्याचा खाजगी डेटा कसा जपावा हेही त्यात विचारतात. हे सर्टिफिकेट 3 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेव्हा फ्रेममधली तारीख बघा. एमएस-सीआयटी मात्र कॉम्प्युटर वापरायला शिकवणारा कोर्स आहे, दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही.

पण पेपरात बरोबर उत्तर देणारा माणूस गल्ल्यावर बसल्यावरही तसाच वागेल, याची हमी कोण देणार? माझ्या मते आमच्याकडच्या खोटेपणाचं मूळ "चेकिंग फ्री" या पाटीत आहे. तुमच्यासारखीच केस घ्या. झाकण उघडायचं, बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिच्या सोनेरी टोकांवर हलक्या हाताने खोडरबर फिरवायचं, स्लॉट बदलून लावून बघायची. कित्येकदा तेवढ्यानेच डिस्प्ले येतो. वेळ जातो, पार्ट एकही लागत नाही. मग ग्राहक म्हणतो, "नुसतं रबर घासलं, त्याचे चारशे?" हे चार वेळा ऐकलं की कच्च्या मनाचा माणूस पाचव्या वेळी सरळ बोर्ड गेला म्हणून सांगतो. ही लबाडीच आहे, तिचं समर्थन मी करत नाही. पण ग्राहक फक्त पार्टचेच पैसे देणार असेल, तर खरं बोलणारा उपाशी राहतो. म्हणून मी चेकिंगचे पैसे आधी सांगून घेतो. मग काहीच बिघडलं नसेल तर तसं सांगताना मला जड जात नाही. 2019 च्या पुरात भिजलेली मशीन आली तेव्हाही हेच. गाळ धुऊन बोर्ड चालू व्हायचा, पण चिपखाली गंज धरलेला असायचा. तो टिकेलच असं नाही, हे काम घेण्याआधीच सांगावं लागायचं.

तेव्हा चेकिंगचे पैसे उघड सांगणारं दुसरं दुकान गाठा. झाकण समोर उघडायला लावा, रॅम आणि एसएसडीवरच्या (डेटा साठवणाऱ्या डिस्कवरच्या) लेबलांचे फोटो काढून ठेवा. बोर्ड गेला म्हणाले तर कशावरून, ते विचारा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, जुना पार्ट परत मागा, बिल घ्या. बिल हातात असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते.

आणि बोर्ड खरंच बदलावा लागला, तर विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेल्या कुलपाची, 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. मुलीला मोबाईलवरून लॉगिन करून ती आजच उतरवून ठेवायला सांगा, नाहीतर डिस्क शाबूत असूनही तिचा प्रोजेक्ट हाती लागायचा नाही.