नागपूरच्या उन्हाळ्यात उपग्रहाचा डेटा वस्तीतल्या लोकांच्या कामी येतो का?

येतो, पण नीट वाचला तर. लँडसॅट ८ आणि ९ हे दोन उपग्रह मिळून दर ८ दिवसांनी आपल्यावरून जातात आणि जमिनीचं तापमान टिपतात. चित्रं फुकट मिळतात. अंबाझरी, गोरेवाड्याची झाडी त्यात थंड दिसते, टिनाच्या छपरांची दाटी तापलेली.

आता खरी गोम. ही चित्रं सकाळी साडेदहाच्या सुमाराची असतात. मे महिन्यात त्या वेळी शहराबाहेरचं उघडं, कोरडं रान शहरापेक्षा जास्त तापलेलं दिसतं. म्हणून शहर सुखात आहे असं समजू नका! रान रात्री लवकर निवतं, सिमेंट नाही. एका टिनाच्या घरात रात्री दहाला भिंतीला हात लावला, तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी ऊब. कूलर होता, टाकीत पाणी नव्हतं. हे कुठल्याच चित्रात दिसत नाही. रात्रीसाठी अंतराळ स्थानकावरच्या इकोस्ट्रेस या तापमान टिपणाऱ्या उपकरणाची चित्रं बघा, साधारण ७० मीटरपर्यंत तपशील मिळतो.

आणखी एक, जमिनीचं तापमान म्हणजे हवेचं नव्हे. नकाशावरचे ५५ अंश बातमीतल्या ४५शी ताडून घाबरू नका.

माझं मत विचाराल तर नकाशावरून आधी दोन-तीन गल्ल्या निवडा, मग तिथल्या बायकांना विचारा की दुपारी लेकरांना घेऊन कुठे बसता. छपराला चुना कुठे मारायचा, पाण्याचा टँकर कुठे थांबवायचा, ते त्यावरून ठरवा. तांत्रिक मदत लागली तर महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे.