आधी चासी, मग टायर, विंच सर्वांत शेवटी
वाचकांचे प्रश्न: जुनी फोर बाय फोर

प्रश्न: सुट्टीला गगनबावडा, आंबा घाटाकडचे कच्चे रस्ते आणि एरवी उसाच्या रानात ये-जा, यासाठी जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) घ्यायची आहे. इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, महिंद्राची थार सीआरडीई (जुनी डिझेल थार) आणि मारुतीची जिप्सी अशा तीन गाड्या बघितल्या. मागे हौदा हवाच, असं घरच्यांचं म्हणणं आहे. (कागल)

उत्तर: हौदा आठवड्यातून चार दिवस भरणार असेल तरच पिकअप घ्या. व्ही-क्रॉसच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 3,095 मिलिमीटर आहे, थारचं 2,430 आणि जिप्सीचं 2,375. उसाच्या रानातला उंच बांध आडवा ओलांडताना हा फरक कळतो. पुढची चाकं पलीकडे उतरतात आणि लांब गाडीचं पोट बांधावर बसतं. दुसरं असं की रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, त्यामुळे ओल्या चढाला ती जागेवर फिरतात. त्यावर उपाय साधा आहे. 80 ते 100 किलो वाळूची पोती मागच्या अॅक्सलच्या वर, हलणार नाहीत अशी बांधून ठेवा.

जिप्सी रिकामी असताना जेमतेम टनभर भरते. चिखलात हलकं असण्यासारखा दुसरा गुण नाही. पण 1.3 लिटरच्या पेट्रोल इंजिनला खालच्या आरपीएमला जोर कमी, म्हणून चढाला लो रेंज (कमी वेगाची, जास्त जोराची पायरी) आधीच टाकावी लागते. तुमच्या वापराला आमचं मत थारला. 2015 नंतरची मिळाली तर मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) मेकॅनिकल लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय, आलेलं असतं. एक मागचं चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला सुमारे 100 फेरे जास्त फिरलं की ते आपोआप धरतं. चाक घसरायला लागल्यावर घाबरून पाय काढू नका, अॅक्सिलरेटर एकसारखा थोडा दाबून धरा. पाय काढला की लॉक लागतच नाही आणि लोक म्हणतात, लॉक बिघडलंय.

पिकअपच ठरली, तर आरसीवर ती मालवाहू आहे की खासगी, ते आधी वाचा. मालवाहूला ठरावीक मुदतीनं फिटनेस लागतं.

प्रश्न: शिरोलीजवळ एक थार स्वस्तात मिळते आहे. खालून नुकतंच काळं कोटिंग मारलंय. 2019 किंवा 2021 च्या पुरात बुडालेली असेल का? आणि फोर बाय फोर खरंच लागतं का, हे गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं? (हातकणंगले)

उत्तर: पुराची गाडी पॉलिशनं लपते, गाळ लपत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडी तिथंच सोडा. मग सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू, कार्पेटखालचा पत्रा आणि हेडलाइटच्या आतली कड बघा. वायरिंगचे दोन-तीन कनेक्टर सोडवा. पिनांवर हिरवट थर असेल तर आज चालणारी गाडी पुढच्या पावसात रस्त्यात उभी राहील.

कोटिंग कोरडं आणि एकसारखं दिसलं तरी छोट्या हातोडीनं चासी वाजवून बघा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, शॅकल, क्रॉस मेंबरचे सांधे आणि बॉडी माउंटच्या आसपास टणक आवाज यायला हवा. भद्द आवाज आला तर आतून पत्रा खाल्लेला आहे. चासी नंबर हात फिरवल्यावर बोटाला लागला पाहिजे. तो कोटिंगखाली गेला असेल तर विकणाऱ्यालाच साफ करायला सांगा.

आता फोर बाय फोरची परीक्षा. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती करू नका. पुढची-मागची चाकं वळणाला वेगवेगळं अंतर कापतात, ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) पीळ भरतो आणि गिअर अडकून बसतो. सपाट मातीत गाडी उभी करा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. हब (पुढचं चाक अॅक्सल शाफ्टशी जोडणारा चाकाच्या मधला भाग) हाताचे असतील तर लॉक करा. हब व्हॅक्यूमवर चालणारे असतील तर इंजिन चालू ठेवा. गिअर न्यूट्रलमध्येच हवा. पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. टू-व्हीलमध्ये ते हातानं फिरलं पाहिजे. मग लिव्हर फोर-हायमध्ये टाका आणि चाक पुन्हा फिरवा. इंच-दोन इंच खेळ देऊन ते अडलं, तर सगळं जागच्या जागी आहे.

फिरतच राहिलं, तर इंजिन बंद करा आणि वाकून बघा. चाक फिरतंय पण त्या बाजूचा अॅक्सल शाफ्ट उभा, तर दोष त्याच हबचा. शाफ्टही फिरतोय आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्टही (ट्रान्सफर केसकडून पुढे येणारा दांडा) फिरतोय, तर ट्रान्सफर केस लागत नाही. शाफ्ट फिरतोय, प्रॉपेलर उभा, तर पलीकडच्या चाकाचा हब गेलाय. व्हॅक्यूम हबच्या गाडीत हबला दोष देण्याआधी रबरी नळ्या तपासा, बरेचदा चिरलेल्या असतात. वैतागलेले मालक अखेर हातानं फिरवायचे हब बसवतात. तो बदल चांगला आहे.

शेवटी दोन्ही डिफरन्शियलचं थोडं तेल काढून बघा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी मलमासारखी भुकटी चालते, नखाएवढा तुकडा चालत नाही.

प्रश्न: थारला 33 इंची टायर आणि 3 इंच लिफ्ट करून देतो, असं एक फॅब्रिकेटर म्हणतोय. करावं का? (गडहिंग्लज)

उत्तर: आधी हिशेब बघा. मूळ 235/70 आर16 टायरचा व्यास 735 मिलिमीटर. 245/75 आर16 घातला तर 774. व्यास 39 नं वाढला, पण डिफरन्शियल जमिनीपासून त्याच्या निम्म्यानंच, म्हणजे 19 मिलिमीटरनं उचललं जातं. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 63 वर असेल आणि क्लचवर 5 टक्के जास्त ओझं येईल. एवढं गाडी सहन करते. 33 इंची म्हणजे 838 मिलिमीटर, सरळ 14 टक्के वाढ. मग ब्रेक कमी पडतात, पहिला गिअर लांबतो, गाडीला मरगळ येते आणि अॅक्सल शाफ्टवर ताण येतो.

लिफ्टचं म्हणाल तर पुढे टॉर्शन बार (पिळानं स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. ते पिळून गाडी उचलणं दहा मिनिटांचं काम, म्हणून सगळे तेच सुचवतात. इंच-सव्वा इंचापुढे गेलात की सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांच्या शाफ्टचे सांधे) तिरपे चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आत माती शिरते. शिवाय चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही, खड्ड्यात ते हवेत लटकतं. मागच्या पाट्यांना दीड इंच उंची दिलीत तर शॉक अब्सॉर्बर लांब घ्या आणि गाडीचं मागचं अंग पूर्ण उचलून ब्रेकची रबरी नळी ताणते का ते बघा.

त्याऐवजी ऑल-टेरेन (माती-डांबर दोन्हींला चालणाऱ्या) टायरचा नवा संच घ्या आणि हवा सोडायला शिका. चिखलात 18 ते 20 पीएसआय, साध्या रिमवर 15 च्या खाली कधीच नाही, डांबरीवर येण्याआधी पुन्हा पूर्ण हवा. पंप बॅटरीला थेट चिमट्यांनी लागणारा घ्या, लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो. मड टायर गगनबावड्याच्या तांबड्या चिखलाला छान आहेत. काळ्या रानात मात्र त्यांच्याही खाचा लिंपून जातात आणि महामार्गावर वर्षभर त्यांचा घोंघाट ऐकावा लागतो.

खालची स्किड प्लेट (गाडीच्या पोटाचं पत्र्याचं कवच) कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम बनते. 4 मिलिमीटर पत्रा, तेल काढायला आणि चिखल निचरायला भोकं, आणि चासीतल्या तयार भोकांतून 8.8 ग्रेडचे बोल्ट. चासीला वेल्डिंग नको, उष्णतेनं त्या जागी ती कमजोर होते.

प्रश्न: स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) आधी की विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढणारं यंत्र)? (पन्हाळा)

उत्तर: दोन्हींआधी डिफरन्शियलचे ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी छिद्रं). गरम झालेलं डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधा, काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे. मग पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले ओढायचे हूक, 4.75 टनांचे दोन शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) आणि पट्टा. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) पट्टा अडकवू नका, तो तुटला तर गोळीसारखा येतो. विंच घ्यालच तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेची. तिची पूर्ण ताकद ड्रमवरच्या पहिल्या थरालाच मिळते. ओढताना दोरावर ओलं गोणपाट टाका.

प्रश्न: दिल्लीची 10 वर्षांची डिझेल गाडी स्वस्त पडते. आणून मिलिटरी हिरवा रंग मारला तर? (इचलकरंजी)

उत्तर: तिकडच्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म 35 (कर्जाचा बोजा उतरल्याचा) ही हवा. एमएच-09 (कोल्हापूरचा नंबर) करताना इथला कर वेगळा भरावा लागेल, तो धरून किंमत मोजा. ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण दलाच्या वाहनांना आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम 121 तसं सांगतो. त्या रंगाची गाडी आलीच तर रंग बदलून, आरसीवर नोंद करून घ्या. पुढचा लोखंडी बुलबारही काढा, 2017 च्या डिसेंबरपासून त्याला मनाई आहे.