पिंपरी-चिंचवडचे जुने कारखाने बंद पडल्यावर कामगारांचं पुढे काय झालं?

व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा पैसा, घेऊन सगळे सुखात राहिले, हा समज खरा नाही.

आकुर्डीत बजाज ऑटोचं उत्पादन 2007 साली थांबलं. गाड्या चाकण, वाळूज आणि उत्तराखंडच्या पंतनगरला बनू लागल्या. पंतनगरला तर करसवलतही होती. काम गेलं, पण चाळिशी ओलांडलेला माणूस घर-मुलांच्या शाळा सोडून कसा जाणार?

माझे वडील दुसऱ्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर काम करणारे. मशीनवरच्या जॉबवर, म्हणजे घडवायच्या धातूच्या तुकड्यावर, बोट फिरवून किती घासायचं राहिलंय ते सांगायचे. कंपनी बंद झाली तेव्हा ते 46 वर्षांचे होते. चाकणला विचारलं, तर सगळीकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आणि कंत्राटी भरती. हातातली कला सर्टिफिकेटवर कुठे लिहिलेली असते? आलेला पैसा बहिणीच्या लग्नात आणि घराच्या कर्जात संपला. मग एका सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी. बारीक मापं घ्यायचं त्यांचं मायक्रोमीटर मात्र अजून तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात आहे.

ज्यांनी वेळेत सीएनसी शिकून घेतलं किंवा भोसरीत छोटं वर्कशॉप टाकलं, ते सावरले. पण त्यासाठी वय आणि भांडवल दोन्ही लागायचं. कंपनी बंद करतानाच प्रशिक्षण द्यायला हवं होतं, नुसता चेक नव्हे.