सुडोमोनासने हरभऱ्याची मर थांबते का?

काळ्या रानात दरवर्षी हरभरा महिन्याभरात उबळतो, म्हणजे उभाच सुकून मरतो, आळवणी करूनही (बुडात औषध ओतूनही) फरक पडत नाही, आणि आता दुकानदार सुडोमोनास, म्हणजे पुडीत मिळणारी जिवाणूंची भुकटी, ओता म्हणतोय. तर जिवाणूंनी बुरशी खरंच आटोक्यात येते का, असं तुम्ही विचारलंय.

येते. पण उबळलेल्या झाडाच्या बुडात ओतलंत तर पैसे वाया जातील. मरीची बुरशी, फ्युजारियम, मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्यांत जाऊन बसते. झाड सुकलेलं दिसतं तेव्हा त्या नळ्या आधीच बंद झालेल्या असतात. सुडोमोनासचं काम मुख्यतः मुळाच्या बाहेर, कातडीला लागून चालतं. म्हणून तो बुरशीच्या आधी तिथे पोहोचायला हवा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी बियाण्यालाच जिवाणू चोळून मुळावरची जागा धरायची.

तुमच्या रानात त्याला एक फायदा आहे. चुनखडीच्या, सामू (pH) आठकडे झुकलेल्या जमिनीत लोह असतं, पण विरघळलेलं फार थोडं. सुडोमोनास असे पदार्थ सोडतो की ते असलेलं लोह पकडून ठेवतात आणि बुरशीची उपासमार होते. शिवाय तो बुरशीला मारक प्रतिजैविकंही बनवतो, आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सलग गहू घेतलेल्या शेतांत मुळकूज आधी वाढत गेली आणि काही वर्षांनी, गहूच चालू असताना, आपोआप उतरली. कारण शोधलं तर मुळांवर एक विशिष्ट प्रतिजैविक बनवणाऱ्या सुडोमोनासची संख्या वाढलेली निघाली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण तिथे कुणी पुडी टाकली नव्हती; मातीनेच तो रखवालदार वाढवला होता. आपण सेंद्रिय खत न देता नुसती पुडी ओततो, तेव्हा हेच विसरतो.

आधी रोग मरच आहे का ते बघा. खोड बुडाशी उभं चिरा. आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर मर. बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे असतील तर ती मानकूज. फुलं-घाट्यांच्या वेळी उन्हात झाड वाळून मूळ काडीसारखं कटकन तुटत असेल तर कोरडी मूळकूज.

मर असेल तर पहिला उपाय वाणाचा: विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८ यांसारखा मर-प्रतिकारक वाण घ्या. ही बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते, त्यामुळे एखाद्या वर्षाची फेरपालट पुरत नाही. मग किलोभर बियाण्याला १० ग्रॅम सुडोमोनास भुकटी लावा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी करणारा जिवाणू, तोही याच वेळी लावा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. एकरी किलोभर भुकटी ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीआधी रानात टाका. तांबेयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन (जिवाणू मारणारं प्रतिजैविक) सोबत अजिबात नको. त्याने हेच जिवाणू मरतात.

पुडीवरची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. सुडोमोनास बीजाणू (कठीण काळात तग धरणारी टणक अवस्था) बनवत नाही, त्यामुळे पत्र्याच्या तापलेल्या दुकानात महिनोन्‌महिने पडलेल्या पुडीत जिवंत काही उरलेलं नसेल. ताजा माल मिळत नसेल तर बॅसिलस सबटिलिस घ्या. तो बीजाणू बनवतो, उष्णता सोसतो. ट्रायकोडर्माही चांगलाच, पण तो जिवाणू नव्हे, मित्रबुरशी आहे.

आणि चार-पाच ओळी बीजप्रक्रिया न करता पेरा, खुंट्या ठोकून ठेवा. महिन्याभराने दोन्हीकडची उबळलेली झाडं मोजा आणि आकडा इथे नक्की लिहा.